उरलेला एक डोळा

माझ्या वडिलांना एकाच डोळ्याने दिसायचं. उजवा डोळा लहानपणी, साताऱ्याकडच्या गावी असताना, खेळताना विटी लागून गेला होता. बुबुळावर पांढरा डाग राहिला होता आणि फोटो काढताना ते मान थोडी वळवून उभे राहत, एवढंच. उरलेल्या डाव्या डोळ्यावर त्यांनी उज्जैनला बांधकाम खात्यात पस्तीस वर्षं नकाशे काढले. "रेघ ओढताना सगळेच एक डोळा मिटतात, माझा आयता मिटलेला आहे," असं ते म्हणायचे. आमच्याकडे पहिल्यांदा आलेल्या प्रत्येक पाहुण्याला हा विनोद ऐकावा लागे.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू धरला. सुरुवातीला ते पेपर घेऊन खिडकीशी बसू लागले, मग खिडकीतून अंगणात गेले, मग म्हणू लागले की छपाईच हल्ली वाईट झाली आहे. मराठी वाचनालयाचे ते चिटणीस होते. तिथे ते पुस्तकाचं नाव न वाचता पाठीवरून बोट फिरवून पुस्तक ओळखायचे आणि लोकांना त्याचं कौतुक वाटायचं. मी मुलींच्या कॉलेजात ग्रंथपाल होते. निदान ग्रंथपालाला तरी ती युक्ती कळायला हवी होती. मला ती एके सकाळी कळली, जेव्हा त्यांनी चहा कपाच्या शेजारी ओतला आणि मग बोटांनी बशी चाचपली.

घरात आम्ही दोघंच होतो. आई जाऊन चार वर्षं झाली होती, आणि मी लग्न केलं नव्हतं.

आता जी गोष्ट सांगायची ती आमच्या घरात कधी नावाने उच्चारली गेली नव्हती. बाबा रोज संध्याकाळी साडेपाचला सायकलने राम घाटावर जात. तिथे एक पंडाजी, म्हणजे घाटावरचे उपाध्ये, त्यांचे मित्र होते. यात्रेकरूंची गर्दी ओसरली की ते दोघं पंडाजींच्या लाकडी तख्तावर बसत, आणि पंडाजी घरी घोटलेल्या भांगेची बोराच्या बीएवढी गोळी त्यांच्या हातावर ठेवत. ती पाण्याबरोबर घ्यायची, तास-दोन तास नदीकडे बघत बसायचं, आणि घरी येऊन नेहमीपेक्षा एक पोळी जास्त खायची. तीस वर्षं हे असंच चाललं होतं. त्यांचा आवाज कधी चढला नाही, पाय कधी अडखळला नाही. उज्जैनात याला कोणी नशा म्हणत नाही. महाकालाला भांग विजया म्हणून चढते, सराफ्यातले व्यापारी घेतात, शाळामास्तर घेतात, आणि कोणी विचारलं तर सरळ सांगतात. पण आमची मराठी घरं त्या गावात दोनशे वर्षांपासून राहत असली किंवा माझ्या वडिलांसारखी नोकरीपायी आलेली असली, तरी काही बाबतींत ती गावापासून हातभर दूर बसत. आई त्या गोळीला "संध्याकाळचं" म्हणायची. "त्यांचं संध्याकाळचं झालं का," इतकंच. बाहेर कोणी विषय काढलाच तर तिचं उत्तर ठरलेलं होतं: आमच्यात नाही.

डोळा अधू झाल्यावर बाबांची सायकल सुटली. मग पंडाजी दर सोमवारी स्वतः यायचे आणि एका पितळी डबीत आठवड्याच्या गोळ्या देऊन जायचे. बाबा ती डबी टेबलाच्या खणात, नकाशे काढायच्या गुण्या आणि फूटपट्ट्यांच्या मागे ठेवत. मला ते माहीत होतं. मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं.

तेव्हाची ती वर्षं अशी होती की गावात दर महिन्याला काहीतरी नवीन उघडायचं. गच्च्यांवर टीव्हीच्या छत्र्या आल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे बूथ आले. आमच्या माधव नगरात अशाच एका बूथच्या वर, पहिल्या मजल्यावर, डोळ्यांचं एक छोटं हॉस्पिटल सुरू झालं. तिथला सर्जन आमच्याच लोकांपैकी, उज्जैनातच वाढलेला. शाळेत असताना तो वाचनालयात यायचा आणि बाबा त्याला एकाच्या जागी दोन पुस्तकं द्यायचे. आता तो सूक्ष्मदर्शकाखाली ऑपरेशन करायचा आणि डोळ्यात परदेशी भिंग बसवायचा. बाबांना तो काका म्हणायचा आणि मला ताई.

मकर संक्रांत झाल्यावर मी बाबांना त्याच्याकडे नेलं. थंडीत केलेली जखम लवकर भरते, असं बाबांचं मत होतं. सर्जन हसला, पण तारीख थंडीतलीच दिली. मग त्याने आम्हाला समोर बसवून सगळं नीट सांगितलं. घाई केली नाही, हे आजही त्याच्या बाजूने लिहायला हवं.

तीन प्रकारे करता येईल, तो म्हणाला. एक म्हणजे नुसती डोळ्याजवळची सुई. खालच्या पापणीतून, हाडाच्या कडेने औषध आत सोडायचं. टोचताना दुखतं, मग अर्धा तास डोळा हलत नाही आणि काही जाणवत नाही. माणूस जागा असतो. तोंडावर हिरवं कापड असतं, त्याखाली थोडं कोंडल्यासारखं होतं, पण एक सिस्टर हात धरून बसते. खोकला आला, खाज आली, भीती वाटली की तिचा हात दोनदा दाबायचा, म्हणजे तो हातातलं काम थांबवतो. दुसरं म्हणजे ही सुई असतेच, पण त्याआधी शिरेतून गुंगीचं औषध. माणूस पेंगतो, नंतर त्याला फारसं आठवत नाही. त्यासाठी इंदूरहून बेहोशीचे डॉक्टर येतात, मंगळवारी आणि गुरुवारी. तिसरं म्हणजे पूर्ण बेशुद्ध करणं. ते इंदूरला जाऊन करावं लागेल, आणि काकांचं ब्लडप्रेशर बघता तो ते सुचवणार नाही.

"माझं विचाराल तर," तो बाबांना म्हणाला, "एकच डोळा आहे. अशा वेळी मला जागा माणूस बरा वाटतो. जागा माणूस ऐकतो."

बाबा लगेच तयार झाले. बोर्डावर मोठी रेघ ओढायची तर श्वास धरावा लागतो, ते म्हणाले, आणि पस्तीस वर्षं तेच केलं आहे. आपण लाकडासारखे पडून राहू. शिवाय आत काय चाललं आहे ते त्यांना ऐकायचं होतं. सर्जनला ते विचारू लागले की भिंग किती मिलिमीटरचं असतं.

नको म्हटलं ते मी. त्याच्या आधीच्या आठवड्यात मी कॉलेजच्या ग्रंथालयातून नेत्रशस्त्रक्रियेचं एक जुनं इंग्रजी पुस्तक घरी आणलं होतं. त्यातली चित्रं मी जेवण टाळून पाहिली होती. बुबुळाच्या कडेने कापलेला डोळा, चिमटे, तारेने उघड्या धरलेल्या पापण्या. हे सगळं चालू असताना बाबा जागे आहेत, विचार करताहेत, ही कल्पना मला सहन होईना. मी सर्जनला म्हटलं की त्यांना काही कळता कामा नये, गुंगी द्याच. त्याने पुन्हा एकदा समजावलं. मी पुन्हा तेच म्हटलं. तेव्हा बाबांनी माझ्याकडे मान वळवली, जशी ते फोटोसाठी वळवत, आणि सर्जनला म्हणाले, "द्या गुंगी. ऑपरेशन माझं आहे, पण घाबरलीय ती."

सर्जन हसला. मीही हसले. ठरलं.

मंगळवारी बेहोशीच्या डॉक्टरांनी तपासायला बोलावलं. पन्नाशीचे, जाड भिवयांचे, माळव्यातले गृहस्थ होते. इंदूरहून बसने आले होते आणि बूट काढून मोज्यांवर बसले होते. बाबांची नाडी पाहिली, छाती ऐकली, तोंड उघडायला लावलं, दात मोजल्यासारखे पाहिले. दमा आहे का, आधी कधी भूल घेतली होती का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, असं एकेक विचारत ते लिहून घेत होते. सर्जन बाजूला टेबलाशी उभा राहून कसलेसे कागद चाळत होता. भिंतीला टेकून सिस्टर उभी होती, तीही आमच्या गणेशोत्सवात आरतीला येणारी.

मग त्यांनी लेखणी थांबवून, जशी जेवणाची चौकशी करावी तसं विचारलं, "बाबूजी, भांग-वांग लेते हैं? उज्जैन में तो पूछना पड़ता है।"

बाबांचं तोंड उघडलं होतं. मला ते नीट आठवतं, कारण मी त्यांच्याकडेच बघत होते. ते 'हां' म्हणणार होते. त्यांना त्या माणसासमोर त्यात काहीच वावगं वाटलं नसतं. पण त्या खोलीत आणखी दोन मराठी माणसं होती. मला वाटलं की उद्या हे गणेशोत्सवाच्या मांडवात पोचेल, वाचनालयात पोचेल. एवढे सभ्य चिटणीस आणि रोज भांग. आणि मी आईच्या आवाजात म्हटलं, "नहीं डॉक्टर साहब। हमारे यहाँ नहीं चलता।"

बाबांनी तोंड मिटलं. त्यांनी मला खोटं पाडलं नाही. कागद चाळणाऱ्या सर्जनने मान वर केली नाही. बेहोशीच्या डॉक्टरांनी त्यांच्या कागदावर एक रेघ मारली आणि पुढचा प्रश्न विचारला.

परत येताना आम्ही रिक्षा केली. बाबा म्हणाले, "सांगितलं असतं तर काय झालं असतं गं?" मी म्हटलं की एवढ्याशा गोळीने काय फरक पडतो. ते म्हणाले, "हं." थोड्या वेळाने म्हणाले की माणूस सज्जन दिसला, बूट काढून बसला होता.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे गोळी घेतली. मी आडवी आले नाही. कुणाला विचारायची सोय मीच ठेवली नव्हती.

गुरुवारी सकाळी काही खायचं-प्यायचं नव्हतं. बाबा आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून टेबलाशी बसले होते. सदऱ्याचं वरचं बटण ते पुन्हा पुन्हा लावत आणि काढत होते. तोवर मी त्यांना असं अस्वस्थ कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांची शाल आणायला आत गेले आणि बाहेर आले तेव्हा खण उघडा होता आणि डबीचं झाकण टेबलावर होतं. त्यांनी पाण्याचा घोटही न घेता गोळी गिळली होती. गळ्याची हालचाल अजून चालू होती. आमच्या दोघांच्या मध्ये चार हात अंतर होतं. त्यांना मी दिसत होते की नाही, सांगता येणार नाही. मोतीबिंदू पिकल्यावर त्यांना माणसं सावलीसारखी दिसायची. त्यांनी झाकण चाचपून लावलं, डबी मागे ठेवली, खण बंद केला.

हॉस्पिटल पाच मिनिटांवर होतं. त्या पाच मिनिटांत मी सांगायचं ठरवलं. जिन्यावर पुन्हा ठरवलं. वर सिस्टरने विचारलं की काही खाल्लंय का, प्यायलंय का. मी म्हटलं, "पाणीसुद्धा नाही." शब्दशः ते खरं होतं. बेहोशीचे डॉक्टर हात धूत होते. त्यांनी लांबूनच बाबांना नमस्कार केला. मंगळवारी खोटं बोललेली बाई गुरुवारी खरं सांगते आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावर उमटताना पाहायची माझी तयारी नव्हती. बोराच्या बीएवढी गोळी, तीस वर्षांची सवय, असं मी मनाशी म्हणत राहिले. त्यांनी बाबांना आत नेलं. जाताना बाबांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला.

बाहेर एक लाकडी बाक होतं. समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, वरचं अक्षर मोठं आणि खालची लहान होत जाणारी, हिंदीतला. खालून बूथमधल्या माणसाचं फोनवर ओरडणं ऐकू येत होतं. किती वेळ झाला, मी घड्याळ पाहिलं नाही. मग आतून बाबांचा आवाज आला. तो त्यांचा नेहमीचा आवाज नव्हता. लहान मुलासारखा उंच, घाईचा. शब्द कळले नाहीत. त्याच्यामागोमाग काहीतरी धातूचं पडलं, आणि सर्जनचा आवाज, "काका, काका, हात खाली," आणि मग पुष्कळ वेळ काहीच नाही.

आत काय झालं ते मला त्याच दिवशी सर्जनने सांगितलं, उभ्याउभ्याच, टोपी न काढता. गुंगीच्या पहिल्या औषधाचा बाबांवर परिणाम झाला नाही. ते बडबडत राहिले. बेहोशीच्या डॉक्टरांना वाटलं की भीती आहे. त्यांनी थोडं आणखी दिलं. मग बाबा शांत झाले, घोरायलाही लागले. डोळ्याजवळची सुई नीट लागली होती, डोळा स्थिर होता, छेद घेऊन जुनं भिंग बाहेरही आलं होतं. नवं बसवायचं तेवढं राहिलं होतं. आणि त्याच क्षणी बाबा एकदम जागे झाले. आपण कुठे आहोत हे त्यांना कळलं नाही. तोंडावर कापड होतं. ते उठायला लागले, आणि सिस्टरच्या हातातून हात सोडवून त्यांनी तो डोळ्यावर आणला, झाकण्यासाठी.

"काय म्हणत होते ते?" मी विचारलं.

सर्जनने मास्क हनुवटीखाली ओढला. "डोळ्याला लागेल, म्हणत होते. डोळ्याला लागेल, सरक."

उघडा डोळा हाताखाली दाबला गेला. आतला द्रव बाहेर आला, रक्तस्राव झाला. त्याने जमेल तसं शिवलं होतं. काही दिवस वाट पाहू म्हणाला, पण माझ्याकडे बघून म्हणाला नाही.

बेहोशीचे डॉक्टर त्याच्या मागे दारात उभे होते. ते पुढे आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बहनजी, अब सच बता दीजिए। कुछ लेते थे?" विचारण्यात राग नव्हता. त्यांना जाणून घ्यायचं होतं, एवढंच. नक्की काय दिलं असताना काय झालं, हे त्यांना पुढच्या माणसासाठी हवं होतं. आणि मी बाबांचा चष्मा हातात धरून म्हटलं, "कह तो दिया था, नहीं।"

डोळा गेला. पट्टी सुटल्यावर बाबांना खिडकी कुठे आहे ते कळायचं, मग काही आठवड्यांनी तेही कळेना झालं. इंदूरला आणखी एका मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी टॉर्च मारला, बंद केला आणि बाबांना सोडून माझ्याशी बोलायला लागले. बाबांना त्यावरूनच समजलं असावं. परतताना आगगाडीत त्यांनी विचारलं की देवास मागे पडलं का. त्यानंतर डोळ्याबद्दल ते बोलले नाहीत.

गावात मात्र लोक बोलले. आमची माणसं घरी भेटायला येत आणि खुर्चीवर टेकता टेकता म्हणत की बाहेरगावचे डॉक्टर, दोन तासांसाठी येणार, त्यांना कशाचं काय. हळदीकुंकवाला हाच विषय. जास्त डोस दिला, असं हळूहळू ठरून गेलं. सर्जनला कोणी बोल लावला नाही, तो आपला होता. उन्हाळ्यापर्यंत ऐकलं की ते इंदूरचे डॉक्टर आता तिथे येत नाहीत, त्यांच्या जागी दुसरे येतात. मी चहा घेऊन बाहेर आले की येणारा माणूस पुन्हा नव्याने सुरू करायचा, आणि मी साखर हलवायची.

बाबा हे सगळं ऐकत होते. आंधळा माणूस खोलीत आहे हे लोक विसरतात.

त्या गुरुवारनंतर त्यांनी डबी उघडली नाही. पंडाजी सोमवारी येत राहिले, पण हात हलवत, नुसते बसायला. बाबा घरात पावलं मोजून चालायला शिकले. कधी टेबलाशी बसून गुण्या हातात घ्यायचे, त्याच्या कडेवरून अंगठा फिरवायचे, कागदावर पेन्सिलीने एक रेघ ओढायचे आणि मला विचारायचे, "सरळ आहे?" ती सरळ असायची. मी त्यांना पेपर वाचून दाखवायचे, मोठ्या बातम्या आधी आणि बारीक टायपातल्या नंतर. बारीक टायपातल्या त्यांना जास्त आवडायच्या.

पावसाळा संपता संपता एक दिवस ते म्हणाले की मला डोळ्यांच्या हॉस्पिटलात घेऊन चल. मी विचारलं, दुखतंय का. ते म्हणाले, नाही, काम आहे.

सर्जनच्या खोलीत त्यांनी खुर्ची चाचपली, बसले, काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरली. मी मागे उभी होते. सर्जनने दार लावून घेतलं.

"मी तीस वर्षं भांग घेत होतो," बाबा म्हणाले. "त्या दिवशी सकाळीही घेतली होती. मी लपवलं. मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. त्या डॉक्टरांना तसं कळव. त्यांच्याकडून काही चुकलं नाही."

सर्जन म्हणाला, "हो काका."

मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होते. सांगायचं झालं असतं तर तेव्हा एका वाक्यात झालं असतं. बाबांच्या सदऱ्याची मागची कॉलर उसवली होती, घरी जाऊन शिवायला हवी, असा विचार मी तेव्हा केला. परत येताना रिक्षात मी त्यांना म्हटलं की तुम्ही खोटं का बोललात. ते म्हणाले, "दोघांनी कशाला ओझं घ्यायचं? मला आता तसंही बाहेर कोणाचं तोंड दिसत नाही."

त्यानंतर ते साडेचार वर्षं जगले. एका फेब्रुवारीत न्यूमोनिया झाला आणि सहा दिवसांत गेले. शेवटच्या दोन दिवसांत ते ग्लानीत होते. नर्सने विचारलं की झोपेचं इंजेक्शन द्यायचं का, तळमळ कमी होईल. मी नाही म्हटलं. मी त्यांचा हात धरून बसले. काही हवं असेल तर दोनदा दाबा, असं त्यांना सांगितलं. त्यांनी दाबला की नाही, मला अजून ठरवता येत नाही. त्यांची बोटं आपोआपही हलत होती.

दहाव्याचे विधी राम घाटावर केले. चुलतभाऊ इंदूरहून आला होता, त्याने केले. आमची बरीच माणसं पायऱ्यांवर उभी होती, वाचनालयातली, गणेशोत्सवातली. सर्जनही होता. कावळा फारसा खोळंबा न करता शिवला. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला आणि निघायच्या तयारीला लागले. तेवढ्यात पंडाजी त्यांच्या तख्तावरून उठून खाली आले. त्यांच्या मुठीत काहीतरी होतं. सगळ्यांसमोर, जसं गंगाजलाचं विचारावं तसं, त्यांनी मला विचारलं, "बिटिया, विजया रख दूँ? तीस बरस साथ में ली है।"

सगळे ऐकत होते. माझ्या एका मावशीने पदर तोंडाशी नेला.

मी म्हटलं, "रख दीजिए काका। उन्हें रोज लगती थी।"

त्यांनी पिंडाशेजारी ओल्या दर्भावर ती छोटी हिरवी गोळी ठेवली, हात जोडले आणि पुन्हा वर जाऊन बसले. लोक पांगले. कोणी माझ्याजवळ येऊन बोललं नाही. सर्जन थांबला होता. तो एक पायरी खाली आला, माझ्या बरोबरीला.

"मला माहीत होतं," मी त्याला म्हटलं. "पहिल्यापासून. त्या सकाळी मी त्यांना घेताना पाहिलं होतं."

तो नदीकडे बघत राहिला. मला वाटलं तो आता रागावेल, आणि मला ते हवं होतं.

"शाळेतून येताना मी इथून जायचो," तो म्हणाला. "काका त्या तख्तावर असायचे. काय घ्यायचे ते सगळ्या घाटाला माहीत होतं, मलाही होतं. मंगळवारी तुम्ही नाही म्हणालात तेव्हा मी कागद वाचत नव्हतो, ताई. कागद कोरे होते." मग तो म्हणाला, "मला वाटलं, काकांची लाज राखावी."

नदीत कोणीतरी द्रोणात दिवा सोडला होता, दिवसाउजेडीच. तो पायरीला लागून तिथेच फिरत होता.

मी विचारलं की बाबा येऊन गेले त्यानंतर त्याने इंदूरला कळवलं का. तो म्हणाला, नाही. कळवलं असतं तर ते पुन्हा यायला लागले असते, आणि मग लोकांनी विचारलं असतं की का बोलावलं, आणि मग सगळं सांगावं लागलं असतं. त्या डॉक्टरांनी नंतर डोळ्यांचं काम घेणंच बंद केलं, एवढं त्याने ऐकलं होतं. स्वतःवरचा भरवसा गेला म्हणत होते.

"तुम्ही लिहाल की मी लिहू?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, मी लिहिते. त्याने खिशातून एक चिठ्ठी काढून पत्ता लिहून दिला. पत्ता त्याला पाठ होता.

पत्र हिंदीत लिहायचं होतं. मला तीन आठवडे लागले. आधी चार पानं झाली, आईचं, घाटाचं, आमच्या लोकांचं सगळं त्यात होतं, ते फाडलं. शेवटी अंतर्देशीय पत्रावर एवढंच राहिलं: आपण विचारलं होतं, मी खोटं सांगितलं. त्यांनी रोज भांग घेतली आणि त्या सकाळीही घेतली, आणि मला ते ठाऊक होतं. औषधात आपली काही चूक नव्हती. सही केली, कडा चिकटवल्या, मग पुन्हा उघडून खाली एक ओळ घातली. त्या ओळीतलं मला या सगळ्यात कुणीच विचारलं नव्हतं, आणि पत्र टाकून आल्यावरही तीच डोक्यात राहिली: बाबूजी जागते रहना चाहते थे।

उत्तर आलं नाही.